अहिराणीची यादी आणि एक हलका एडिटर

शब्दांची यादी ठेवायला फार काही लागत नाही. एका ओळीवर एक शब्द, मग टॅब, मग त्याचा मराठीतला अर्थ, पुन्हा टॅब, आणि तो शब्द ज्या गावाहून आला त्या गावाचं नाव. आमच्या घरची अहिराणी शब्दांची यादी अशीच आहे, साध्या मजकुराची एक फाइल. तिच्यात ठळक अक्षर नाही, तिरपं नाही, चौकटी नाहीत, रंग नाही. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. पुढे बिबडी, फुणके, कळणा, खापर असा स्वयंपाकघरातला सगळा संसार. शब्द सांगते ती बहुतेक वेळा आत्या, साक्री तालुक्यातल्या आमच्या गावाहून, फोनवर. टाइप करतो आम्ही तिघं: मी नाशिकला, चुलतभाऊ सुरतेला, पुतणी पुण्याला. माझ्याकडे जुना लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स मिंट, भावाकडे विंडोज, पुतणीकडे मॅक.

या तिन्ही यंत्रांवर एकच फाइल उघडावी, तिच्यात भर घालता यावी आणि बंद करताना तिच्यातलं एकही अक्षर इकडचं तिकडे होऊ नये, एवढी माझी मागणी. त्या मागणीतूनच जीनी हा छोटा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा आणि बदलायचा प्रोग्राम, आमच्याकडे आला आणि आता घरचाच झालाय.

ही मागणी मी इतक्या हट्टाने का धरतो, ते सांगायला हवं. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात लग्नातली गाणी गोळा केली होती. हळदीची, मांडवाची, मुलीच्या पाठवणीची. ती त्यांनी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. छापील प्रत नातेवाइकांत फिरता फिरता कुठेतरी राहिली, फाइल मात्र फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून माझ्यापर्यंत आली. ती आज उघडली की रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि टोप्या, मध्येच पौंडाचं चिन्ह, असलं काहीतरी पडद्यावर येतं. टाइप करणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्या काळचे देवनागरी फॉण्ट तसेच चालत. फाइलमध्ये साठवलेलं असे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉण्ट त्याच्या जागी ‘क’चा आकार काढून दाखवी. फॉण्ट गेला की ‘क’ही गेला. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी ठरलेली पद्धत. तिच्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. फॉण्ट फार तर सुरेख असेल किंवा ओबडधोबड असेल, अक्षर हरवत नाही.

ती गाणी पूर्ण वाचता येत नाहीत, याची बोच माझ्या मनात कायम आहे. म्हणून यादी युनिकोडमध्ये, आणि तीही वर्डच्या फाइलमध्ये नाही. वर्डची आजची फाइल ही आतून झिप केलेला एक गठ्ठा असते, तो सोडवून दाखवणारा प्रोग्राम हाताशी लागतो. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अक्षरांखेरीज काहीच नसतं. उद्या जीनी नसला तरी ती उघडेल.

आता एडिटर कोणता? विंडोजवाले या प्रश्नाला डोळे झाकून नोटपॅड प्लस प्लस असं उत्तर देतील आणि त्यांचं बरोबरच आहे. डॉन हो यांनी २००३ साली काढलेला हा एडिटर हलका आहे, चपळ आहे, मोफत आहे. पण तो विंडोजच्याच पायावर उभा आहे. लिनक्सवर चालवायचा तर वाइन या, विंडोजचे प्रोग्राम तिथे चालवून देणाऱ्या प्रोग्रामची मध्यस्थी लागते, आणि रोजच्या कामाला मध्यस्थ नको असं माझं मत आहे. मजकूर पडद्यावर मांडणं, कर्सर हलवणं, शब्द रंगवणं ही सगळी कामं नोटपॅड प्लस प्लसमध्ये सिंटिला नावाचं इंजिन करतं. नील हॉजसन यांनी लिहिलेलं हे इंजिन १९९९ पासून आहे. जीनीच्या पोटातही तेच आहे. फरक बाहेरच्या सांगाड्यात. जीनीच्या खिडक्या, मेनू आणि बटणं जीटीके या संचातून येतात. हा संच मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी लिहिला गेला, आणि तो लिनक्स, विंडोज, मॅक या तिन्हींवर चालतो. एन्रिको ट्र्योगर यांनी २००५ साली जीनी सुरू केला तो याच विचाराने: लिनक्सच्या कोणत्याही एका मोठ्या डेस्कटॉप-संचाला बांधून न घेता चटकन उघडणारा एडिटर हवा.

तिन्ही ठिकाणी चालणारे आणखीही एडिटर आहेत. व्हीएस कोड घराघरांत पोचलाय आणि तो चांगलाच आहे. पण तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला, म्हणजे प्रत्येक वेळी आत एक अख्खा ब्राउझर सुरू होतो. माझ्या लॅपटॉपची मेमरी दोन जीबी. शब्द फोनवर ऐकला, लिहायला घेतला आणि एडिटर अजून उघडतोच आहे, असं झालं तर आत्या पुढच्या शब्दावर गेलेली असते. याच इलेक्ट्रॉनच्या कुळातला गिटहब या कंपनीचा ॲटम हा एडिटर २०१४ मध्ये आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी तो बंद केला. जीनीचं उलट. ०.१ पासून २.० पर्यंत यायला त्याने २००५ ते २०२३ अशी अठरा वर्षं घेतली. इतक्या वर्षांत मेनू होते तिथेच राहिले. ही चाल मला मनापासून आवडते. म्हातारपणी यादी चाळायला बसलो तर सगळं पुन्हा शिकावं लागू नये.

बसवण्याचं काम लिनक्सवर सर्वांत सोपं. टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीनी’ एवढी ओळ रोमन लिपीत (sudo apt install geany) लिहायची, पासवर्ड द्यायचा, झालं. फेडोरा जातीचं लिनक्स असेल तर ‘ॲप्ट’च्या जागी ‘डीएनएफ’. विंडोजसाठी जीनीच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून घ्यायचा. विंडोजवर जीटीके आधीपासून नसतं, म्हणून ते इन्स्टॉलरसोबतच येतं. भावाला सुरुवातीला फाइल उघडायची खिडकी परकी वाटली, कारण ती जीटीकेची होती. विंडोजची नेहमीची खिडकी हवी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये एक खूण करून ती मिळते, आणि ती केल्यावर त्याची तक्रार मिटली. मॅकसाठी इंटेलच्या आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी अशा दोन निरनिराळ्या फाइली आहेत, आपल्या यंत्राची बघून घ्यायची आणि ॲप्लिकेशन्समध्ये ओढून टाकायची. पुतणीला कंट्रोलच्या जागी कमांड दाबायचं, एवढाच फरक पडला.

खरं काम इथून पुढे सुरू होतं.

जीनीच्या खिडकीत अगदी खाली एक बारीक पट्टी असते. कितवी ओळ, कितवा रकाना, आणि पुढे दोन गोष्टी ज्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: ओळ कशी संपते आणि मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या कोणत्या पद्धतीत, आहे. ओळ संपवायच्या दोन रीती आहेत. टेलिप्रिंटरच्या काळात नवी ओळ म्हणजे दोन हालचाली असत, गाडा मागे नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. डॉसने आणि मग विंडोजने या दोन्हींच्या खुणा जपल्या, त्या सीआर आणि एलएफ. युनिक्सने एकट्या एलएफवर भागवलं, लिनक्स त्याच वाटेने गेलं आणि २००१ च्या ओएस एक्सपासून मॅकही. विंडोजचा नोटपॅड २०१८ पर्यंत नुसत्या एलएफने संपणाऱ्या ओळी ओळखत नसे. तिकडची फाइल इकडे उघडली की सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत दिसे. आमच्या यादीसाठी मी एलएफ ठरवलं आहे. जीनी आधीपासून असलेल्या फाइलची रीत बदलत नाही, जशी उघडली तशी ठेवतो, त्यामुळे भावाने विंडोजवर भर घातली तरी पट्टीत एलएफच दिसतं. नवी फाइल करताना मात्र विंडोजवर सीआर-एलएफ येतं. ती रीत डॉक्युमेंट मेनूतून एका टिचकीत बदलता येते.

एन्कोडिंग यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत, बॉम नसलेलं. बॉम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारं एक न दिसणारं चिन्ह. विंडोजचा नोटपॅड २०१९ पर्यंत यूटीएफ-८ म्हणून जतन करताना ते न विचारता लावत असे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण यादीचा पहिला शब्द शब्दच राहत नाही. त्याच्या आधी एक अक्षर असल्यामुळे अकारविल्हे लावताना तो भलत्याच जागी जातो. जीनीत डॉक्युमेंट मेनूमध्ये त्याची वेगळी खूण आहे. ती काढायची, जतन करायचं.

हे सगळं एकदा केलं की विसरता येतं. विसरता आलं नाही ते ‘ऱ्ह’चं प्रकरण, आणि हलक्या एडिटरची किंमत मला तिथेच खऱ्या अर्थाने कळली.

अहिराणीत चालू काळ सांगायचा म्हटलं की ‘ऱ्हायना’ येतोच. काय करी ऱ्हायना, कथा (म्हणजे कुठे) जाई ऱ्हायनी, मी जेवी ऱ्हायनू. याद्या, उदाहरणं, सगळीकडे हा शब्द. एकदा यादीत ‘ऱ्हायना’ शोधला तर थोडेच सापडले, आणि समोर पडद्यावर तर ढिगाने दिसत होते. दिसायला सगळे एकसारखे. आतून मात्र दोन जाती होत्या. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून ‘जे’ मारला की थेट ‘ऱ’ येतो, ज्याचा युनिकोडमधला क्रमांक ०९३१ आहे. मग ‘डी’वर हलन्त आणि ‘यू’वर ‘ह’. तीन चिन्हं, एक जोडाक्षर. मी असं लिहितो. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणाऱ्या काही साधनांत मात्र साधा ‘र’ येतो, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ‘ह’. चार चिन्हं, तेच जोडाक्षर. युनिकोडला दोन्ही चालतात. शोध घेणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘पोऱ्या’चंही तेच, ‘दुसऱ्या’चंही तेच. मराठीत हा अर्धा र पावलापावलावर येतो, अहिराणीत तर श्वासाश्वासाला.

ब्राउझरमध्ये किंवा वर्डमध्ये हे दोन शब्द समोरासमोर ठेवले तरी फरक ओळखायची सहज सोय नाही. जीनीत ती आहे, आणि त्यासाठी कोणतंही बटण नाही. कर्सर शब्दाच्या आधी ठेवायचा आणि उजवा बाण दाबायचा. सिंटिला देवनागरीचं जोडाक्षर एका उडीत ओलांडत नाही, आतल्या प्रत्येक चिन्हावर थांबतं. पहिल्या जातीचा ‘ऱ्ह’ ओलांडायला बाण तीनदा दाबावा लागतो, दुसऱ्या जातीचा ओलांडायला चारदा. मध्ये कर्सर जोडाक्षराच्या पोटातच कुठेतरी उभा दिसतो. देवनागरीची ही नीट हाताळणी नाही असं कुणी म्हणेल, आणि कथा लिहिणाऱ्याला ते खुपेलही. शब्दांची यादी राखणाऱ्याला मात्र अक्षराच्या आत काय आहे हे बोटांनी चाचपता येणं फार मोलाचं. बॅकस्पेसही तसाच चालतो: एका वेळी एक चिन्ह जातं, वेलांटी चुकली तर वेलांटीच पुसायची.

मग दुरुस्ती. शोधा-आणि-बदलाच्या खिडकीत एस्केप सीक्वेन्सवर खूण केली की न दिसणारं चिन्ह त्याच्या क्रमांकाने लिहिता येतं: उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि पुढे २००डी. साधा र, हलन्त, हे चिन्ह, असं शोधून त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त. संपूर्ण फाइलवर एकदा फिरवलं आणि सगळे ‘ऱ्हायना’ एका जातीचे झाले. त्या दिवशी मला झालेला आनंद घरात कुणाला समजावून सांगता आला नाही, पण झाला होता खरा.

अकारविल्हे लावताना ‘ळ’ने असाच वेळ घेतला. युनिकोडमध्ये ‘ल’ ०९३२ आणि ‘ळ’ ०९३३, शेजारीशेजारी. क्रमांकानुसार लावलं की ‘काळ’ हा ‘काव’च्या आधी येतो. आपल्या शब्दकोशांत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर. वापरणाऱ्याने शब्द जिथे शोधला तिथे तो सापडला नाही तर यादी असून नसल्यासारखी. त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काही ओळींची एक स्क्रिप्ट आहे. तीही जीनीतच लिहिली, एफ-५ दाबलं की तिथल्या तिथे चालते, आणि तिन्ही यंत्रांवर तीच चालते.

फॉण्टबद्दल मात्र आमच्यात बरीच चर्चा झाली. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे. काही फॉण्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा बघून योग्य ते दाखवलं जातं. पण साध्या मजकुरात भाषा कुठे नोंदवणार? मग यंत्राची भाषा इंग्रजी असेल तर हिंदी वळण येतं. अर्थाला बाधा नाही, तरी आत्याला छापून पाठवलेल्या पानावर तिच्या शाळेतला ‘ल’ असावा असं मला वाटतं, आणि पुतणीलाही. राज्य मराठी विकास संस्थेने मराठीसाठीच करून घेतलेला यशोमुद्रा हा मोफत फॉण्ट आम्ही तिन्हीकडे बसवला आणि प्रेफरन्सेसमध्ये एडिटरचा फॉण्ट म्हणून तोच निवडला. एकसमान रुंदीच्या अक्षरांची रांग यात मिळत नाही, रकाने सरळ रेषेत उभे राहत नाहीत. देवनागरी तशीही समान रुंदीच्या चौकटीत सुखाने बसत नाही. रकाना कुठे संपतो ते टॅब सांगतो, तेवढं पुरे. म्हणूनच ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा पुसण्याची जीनीतली सोय आम्ही बंद ठेवली आहे. ज्या शब्दाचं गाव अजून कळलेलं नाही, त्याच्यापुढचा रिकामा टॅब ती गिळून टाकेल.

राहतो फोन. आत्याच्या नातवाकडे संगणक नाही, अँड्रॉइड आहे, आणि जीनी अँड्रॉइडवर येत नाही. पण फाइल येते. त्याच्या फोनवरच्या साध्याशा एडिटरमध्ये यादी जशीच्या तशी उघडली, ‘ऱ्ह’सकट. तो आता मूळ फाइलला हात न लावता नव्या शब्दांची छोटी फाइल करून पाठवतो आणि मी ती यादीच्या शेवटी जोडतो. खाली पट्टीत एलएफ आणि यूटीएफ-८ दिसतं ना, एवढं बघून घेतो. शेतीचे शब्द सगळे त्याच्याकडून आले. त्याचं वय बघता ते त्याला माहीत असतील असं मला वाटलं नव्हतं.

श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे गावी जमतील. पुतणीचं म्हणणं आहे की नुसता अर्थ पुरत नाही, शब्द बोलण्यात कसा येतो तेही दिसायला हवं, तेव्हा प्रत्येक शब्दापुढे आत्याच्या तोंडचं एक वाक्य लिहायचं. ‘आंडेर’पुढे तिने नमुना म्हणून लिहूनही टाकलं: आंडेर कथा जाई ऱ्हायनी? मला ते पटलं आहे. फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक टॅब वाढेल, आणि गावाच्या नावाचा रकाना तिसऱ्याऐवजी चौथा होईल.